‘आंरी दुसरा’ साइडबोर्ड: राजाच्या काळातला की नुसता नावाचा?

फ्रेंच लिलावाच्या यादीत एखाद्या कोरीव साइडबोर्डपुढे (म्हणजे जेवणघरातल्या भांड्यांच्या कपाटापुढे) ‘आंरी दुसरा’ असं लिहिलेलं दिसलं, की नवखा माणूस थेट सोळाव्या शतकात जाऊन पोचतो. आंरी हा फ्रान्सचा राजा, राज्यावर होता १५४७ ते १५५९. यादीतलं कपाट मात्र बहुतेक वेळा त्यानंतर तीनशे वर्षांनी घडलेलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच मध्यमवर्गाच्या जेवणघरात राजाच्या काळची नक्कल करणारी, त्याच्याच नावाची ही शैली हवीशी झाली. टेबल, खुर्च्या, साइडबोर्ड, सगळा संचच तसा घ्यायचा. पॅरिसच्या फोबूर सां-आंत्वान या सुतारवस्तीला त्यामुळे चांगलंच काम मिळालं.

खुद्द राजाच्या काळात स्वतंत्र जेवणखोली हा प्रकार रूढ नव्हता. दालनात टेबल मांडायचं, जेवणं आटोपली की उचलायचं. ‘द्रेसवार’वर, म्हणजे भांडी मांडायच्या कपाटावर, चांदीची भांडी रचत, ती मुख्यतः ऐपत दिसावी म्हणून. त्या काळातलं अस्सल फर्निचर बघायचं असेल तर पॅरिसजवळ एकुआंच्या किल्ल्यातलं रेनेसान्स संग्रहालय गाठावं.

ओळखायचं कसं? पुढचं कोरीवकाम बघत बसू नका. सिंहमुखं, पानाफुलांच्या वेलबुट्ट्या, खांब दोन्हीकडे आहेत, आणि नंतरच्या कारागिरांचा हातही काही कच्चा नव्हता. कपाट भिंतीपासून ओढा आणि पाठ बघा. जुन्या पाठीच्या फळ्या जाडीला कमीजास्त असतात, बोट फिरवलं तर रंध्याच्या उथळ लाटा लागतात. गोल करवतीचे कमानदार ओरखडे दिसले, तर ते यंत्रयुगातलं काम. टोकदार मळसूत्री स्क्रूही तेच सांगतो (दुरुस्तीत घातलेला नसेल तर). लेथवर कातलेला खांब शतकानुशतकं सुकत गेला की किंचित लंबगोल होतो, कारण लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. तेवढं मात्र कॅलिपरने मोजावं, डोळ्यांवर विसंबू नये. अडचण एकच: एकोणिसाव्या शतकात जुन्या कोरीव फळ्या नव्या सांगाड्यात बसवल्याचे नमुनेही आहेत, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका.

घरात वापरायचं असेल तर माझं मत सरळ नंतरच्याच्या बाजूने. अस्सल तुकड्यावर गरम पातेलं ठेवायची छाती कोणाची होणार! नंतरचा मुळात वापरासाठीच घडवलेला: खाली ताटवाट्यांचं कपाट, मध्ये काटे-चमचे आणि नॅपकिनचे खण, वर पेल्यांसाठी बऱ्याचदा काचेची दारं. सोबतच्या बुटक्या वाढण-टेबलावर अनेकदा संगमरवर असतो, त्यावर वाढप निर्धास्त होतं. आज फ्रान्समध्ये ही गडद, अवजड कपाटं फॅशनबाहेर गेल्यामुळे स्वस्तही मिळतात. काही जण वरचा भाग उतरवून खालच्यावर टीव्ही ठेवतात.

एक सांभाळा. दाराची कोरीव फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, हवेप्रमाणे तिला फुगता-आकसता यावं म्हणून. हलते म्हणून सुताराने ती डिंकाने पक्की केली, तर पुढच्या कोरड्या हिवाळ्यात, घरातले हीटर सुरू झाले की, नक्षीच्या मधोमध चीर जाऊ शकते.