कुरण खासगी, तरी कायमचं अखंड

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बर्फ पडू लागला की एल्क हरणांचे कळप उंचावरच्या सरकारी जंगलांतून खाली उतरतात. नदीकाठची ती कुरणं बहुतांशी खासगी रँचची, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या जमिनींची. वरचं जंगल कितीही राखलं, तरी खालचं रँच तुकड्यांनी विकलं गेलं की कळपाचा हिवाळी चारा संपतो. 1972च्या राज्य कायद्यानं 35 एकर आणि त्याहून मोठ्या तुकड्यांना काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) प्लॉटिंग नियमांतून सूट दिली. मग रँच 35-35 एकरांत कापणं सोपं झालं. प्रत्येक तुकड्यासोबत रस्ता आला, कुंपण आलं, कुत्रीही आली.

यावर तिथे वापरतात तो करार म्हणजे 'कॉन्झर्वेशन ईझमेंट'. मालक तुकडे पाडण्याचा आणि ठरलेल्या जागेबाहेर बांधण्याचा हक्क कायमचा सोडतो. गुरं चारणं, गवत कापणं, विक्री, वारसा सगळं चालू राहतं. सात-बारावरच्या बोजासारखी ही नोंद जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. करार पाळला जातो की नाही, हे लँड ट्रस्ट, म्हणजे जमीन राखण्यासाठीची संस्था, पाहतो. राज्यातल्या पशुपालकांच्या संघटनेनं 1995मध्ये असा ट्रस्ट स्वतःच उभा केला, हे फार मोलाचं. गुरं राखणाऱ्यांचा विश्वास त्याशिवाय बसला नसता.

जमिनीची कराराआधीची आणि नंतरची किंमत यांतला फरक म्हणजे मालकानं केलेलं दान. केंद्राच्या (फेडरल) आयकरात या दानाची एरवी उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. निम्म्याहून जास्त उत्पन्न शेती-पशुपालनाचं असेल, तर 100 टक्क्यांपर्यंत. उरलेली रक्कम पुढची 15 वर्षं वापरता येते.

घोळ कागदांत होतात. जमीन गहाण असेल तर करार आपल्या बोजाच्या वर राहील, असं बँकेकडून लिहून घ्यावंच लागतं; नाहीतर जप्तीत करारच पुसला जातो. पाण्याचं तर विशेष जपावं. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो. तो करारात बांधला नाही, तर शहर पाणी विकत घेतं आणि अखंड राखलेलं कुरण वाळून जातं.

कुंपणाचंही तसंच. प्राँगहॉर्न हा तिथला हरणासारखा प्राणी सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटतो. म्हणून तळची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून किमान 16 इंच वर हवी. सर्वांत वरची 42 इंचांहून उंच नको. वरच्या दोन तारांत 12 इंच अंतर ठेवावं, नाहीतर उडी मारणाऱ्या हरणाचा मागचा पाय त्यांत पिळला जातो.

सही होण्याआधी घरं, कुंपणं, पाट, गवताची स्थिती यांचे नकाशे आणि फोटो दप्तरी लावतात, मग दरवर्षी पाहणी होते. तंटे बहुधा सही करणाऱ्याशी होत नाहीत, जमीन नंतर घेणाऱ्याशी होतात. तेव्हा ट्रस्टच्या हाती हेच दप्तर असतं.