हानोमाग २५१: सी कुठला, डी कुठला आणि कुठल्या लढाईत कुठला चालतो

वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या मॉडेलनी लढाया खेळण्यासाठी, दुसऱ्या महायुद्धातले जर्मन पँझरग्रेनेडियर (रणगाड्यांबरोबर लढणारं पायदळ) उभे करायचे म्हटलं की पहिली गाडी आठवते ती एसडीकेएफझेड २५१, म्हणजे सगळे ज्याला नुसतं हानोमाग म्हणतात तो हाफट्रॅक, पुढे दोन चाकं आणि मागे पट्टे. घोळ इथूनच सुरू होतो, कारण मॉडेल जोडायचे किट मिळतात ते मुख्यतः सी आणि डी या दोन व्हर्जनचे, वरवर बघितलं तर दोन्ही सारखेच वाटतात, मग जो हाताला लागेल तो घेतला जातो आणि १९४१ च्या रशियात चक्क डी फिरताना दिसतो. पण फरक टेबलापासून दोन हात लांब उभं राहूनही कळतो, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी गाडी फिरवून मागची बाजू बघा. सी ची मागची भिंत दोन कोनांत मोडलेली असते, मधोमध आडवी धार बाहेर आलेली, आणि दारंही तशीच दुमडलेली. डी ला मागे एकच सरळ तिरका पत्रा आणि त्यात दोन सपाट दारं. एवढं एक बघितलं तरी निम्म्याहून जास्त वेळा उत्तर मिळतं. नंतर बाजू बघा, सी वर मडगार्डच्या वरच्या सामानाच्या पेट्या वेगळ्या बसवलेल्या दिसतात, तर डी मध्ये त्या बॉडीतच सामावून घेतल्यात त्यामुळे सगळी बाजू सलग दिसते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना सी वर हवेसाठी फुगीर चिलखती झाकणं आहेत, डी वर ती नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूला सी ला उघडझाप होणारी झडप, डी ला नुसती फट. गाडी वरून उघडी असल्यामुळे आतलंही दिसतं, सी मध्ये गादीची बाकं आणि डी मध्ये लाकडी पट्ट्यांची.

हे सगळे बदल एकाच कारणाने झाले, गाडी पटकन आणि कमी कष्टात बनली पाहिजे. पत्र्याचे तुकडे कमी, कोन कमी, कटिंग कमी. हे कारण लक्षात ठेवलं की यादी पाठ करावी लागत नाही, जिथं काम जास्त दिसतंय तो सी आणि जिथं काम वाचवलंय तो डी.

आता खरा मुद्दा सालाचा. सी १९४० मध्ये आला आणि १९४३ पर्यंत बनत राहिला, डी १९४३ च्या उत्तरार्धापासून युद्ध संपेपर्यंत बनला, आणि चारही व्हर्जनमध्ये सगळ्यात जास्त तोच बनला. म्हणजे बार्बारोसा (१९४१ चा रशियावरचा हल्ला), स्टालिनग्राड, कुर्स्क खेळताय तर सी घ्या. नॉर्मंडी, आर्देन, बर्लिन या १९४४-४५ च्या लढाया असतील तर डी, पण तिथं सी सुद्धा चालतो, कारण नवीन गाडी आली म्हणून जुन्या गाड्या कुणी फेकून दिल्या नव्हत्या. जुनी गाडी नंतरच्या लढाईत दिसू शकते, नंतरची गाडी आधीच्या लढाईत नाही. त्यामुळे बजेट एकाच गाडीचं असेल आणि तुम्ही सगळी साल खेळत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, सी घ्या.

रंगाचंही तसंच. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन गाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला, त्याआधी गडद राखाडी होता. डी चा जन्मच पिवळ्याच्या काळातला, म्हणून राखाडी डी बघितला की मला फार वाईट वाटतं, कारण रंगवणाऱ्याने मेहनत तर पूर्ण घेतलेली असते. सी मात्र राखाडीही बरोबर आणि १९४३ नंतर पिवळाही बरोबर, वर हिरवे-तपकिरी पट्टे फवारलेत तरी.

एका गोष्टीवर थोडं थांबतो कारण ती दोन्ही व्हर्जनला लागू आहे आणि जवळपास कुणीच बघत नाही. खऱ्या गाडीच्या बाजूचं चिलखत होतं ८ मिलिमीटर. १/५६ स्केलला, म्हणजे खऱ्यापेक्षा ५६ पट लहान मॉडेलमध्ये, ते होतं ०.१४ मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाएवढं. किटमध्ये किंवा रेझिनमध्ये ती भिंत त्याच्या कितीतरी पट जाड असते आणि वरून उघडी गाडी असल्यामुळे ती कड सतत डोळ्यासमोर राहते. सगळी भिंत पातळ करायची गरज नाही, नुसती वरची कड आतल्या बाजूने तिरकी घासा, आधी कानशीने मग बारीक सँडपेपरने, बाहेरून रेघ बारीक दिसली की झालं. थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, १/५६ ची फाइल १/७२ ला छापायला साधारण ७७.८ टक्के करावी लागते, पण त्याबरोबर मशीनगनची नळीही तेवढीच बारीक होते आणि सपोर्ट काढताना तुटते, त्यापेक्षा नळी पितळेच्या तारेची लावा.

फोटो बघून काम करत असाल तर आणखी एक सापळा आहे. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने डी वरून ओटी-८१० नावाची गाडी बनवली, टाट्राचं डिझेल इंजिन आणि नंतर वर चिलखती छप्पर. सिनेमात आणि प्रदर्शनांत जर्मन म्हणून फिरणाऱ्या कितीतरी गाड्या प्रत्यक्षात याच आहेत, थोडं कापून-जोडून. इंजिनाचा भाग वेगळा दिसला की तो फोटो रेफरन्स म्हणून बाजूला ठेवा, त्या काळातले कृष्णधवल फोटो कधीही बरे.

आणि किती गाड्या घ्यायच्या? वाटतं तेवढ्या नाही. पँझर डिव्हिजनमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या डिव्हिजनमध्ये, ग्रेनेडियरच्या साधारण चार बटालियन, त्यातली बहुतेक वेळा एकच हाफट्रॅकवर, बाकीचे ट्रकने जायचे. १९४४ ची पँझर लेर ही डिव्हिजन अपवाद, तिच्या सगळ्या ग्रेनेडियरना हाफट्रॅक होते. नॉर्मंडीतली २१ वी पँझर डिव्हिजन करणार असाल तर तिच्याकडे फ्रेंच हाफट्रॅकवर चिलखत चढवलेल्या गाड्या होत्या, तिथं हानोमागच्या रांगा लावू नका. २५१ च्या पुढचा तिरप्या रेषेनंतरचा आकडा गाडीचं काम सांगतो: प्लाटून (छोटी तुकडी) कमांडरसाठी ३७ मिलिमीटर तोफेची २५१/१० सी वर छान शोभते. तीन नळ्यांची विमानविरोधी २५१/२१ आणि मोठी पाक ४० ही रणगाडाविरोधी तोफ बसवलेली २५१/२२ मात्र फक्त डी वरच, आणि त्याही १९४४ च्या पुढच्याच खेळात.