भावाला आधार की जमिनीला? युरोपच्या शेती अनुदानातला फरक

युरोपातल्या शेतीचा विषय निघाला की 'तिथलं सरकार शेतकऱ्याला भरपूर अनुदान देतं' हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नाही, पण त्यात दोन निराळ्या व्यवस्थांची सरमिसळ होते. एकीत पैसा मालामागे जातो, दुसरीत जमिनीमागे. हा फरक लक्षात घेतला नाही, तर गेल्या साठ वर्षांतल्या तिथल्या सुधारणा नेमक्या कशासाठी झाल्या हेच कळत नाही.

आधी भावाचा आधार आला. युरोपीय समुदायाची (आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या संघटनेची) पायाभरणी करणाऱ्या १९५७ च्या रोम करारात सामायिक शेतीधोरणाची तरतूद होती, १९६२ पासून ते राबवायला सुरुवात झाली. त्याचे शिल्पकार सिको मान्सहोल्ट हे डच, स्वतः शेती केलेले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये माणसं उपासमारीनं मेली होती, आणि ती आठवण त्या पिढीच्या मनात ताजी होती. त्यामुळे पिकवणाऱ्याला खात्रीचा भाव द्यायचा, असं ठरलं. बाजार ठरावीक पातळीखाली घसरला की सरकारी यंत्रणा माल विकत घेई. बाहेरून स्वस्त धान्य आलं तर त्यावर कर लावून त्याची किंमत आतल्या भावाच्या वर नेली जाई. उरलेला माल परदेशी खपवायला निर्यातदाराला भावातला फरक मिळे. आपल्या हमीभावाच्या जवळ जाणारी ही कल्पना, फक्त तिला सरहद्दीवरच्या भिंतीची जोड होती.

दुधाचं काय झालं ते पाहिलं की या व्यवस्थेचं दुखणं समजतं. शेतकरी जास्तीचं दूध डेअरीला घालत राहिला, कारण भाव पडण्याची भीती नव्हती. डेअरीनं त्याचं बटर आणि दूध पावडर केली. गिऱ्हाईक नसलं तरी सरकार घेणारच होतं. पंचवीस-पंचवीस किलोचे बटरचे खोके शीतगृहांत रचले जाऊ लागले आणि 'बटरचे डोंगर' हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. ग्राहकानं दुकानात चढा भाव मोजायचा आणि करदाता म्हणून साठवणुकीचा खर्चही सोसायचा. १९८४ मध्ये दुधावर कोटा, म्हणजे उत्पादनाची मर्यादा, बसवावा लागला. तोवर युरोपीय समुदायाच्या अंदाजपत्रकातला निम्म्याहून जास्त पैसा शेतीवर जात होता.

दुसरी व्यवस्था १९९२ मध्ये सुरू झाली. आयर्लंडचे रे मॅकशॅरी तेव्हा युरोपीय समुदायाचे कृषी आयुक्त होते. धान्याचा आधारभाव तीन वर्षांत सुमारे एक तृतीयांशानं उतरवायचा आणि शेतकऱ्याचं नुकसान हेक्टरी रकमेनं भरून द्यायचं, असा तो बदल होता. तरीही पैसे मिळायला ठरलेली पिकं घ्यावीच लागत. २००३ मध्ये तेव्हाचे कृषी आयुक्त फ्रान्झ फिशलर यांनी हा धागाही बहुतांशी तोडला. आता काय पेरलं, किती पिकलं हे विचारलं जात नाही. जमीन नीट राखली, पर्यावरणाचे नियम पाळले की रक्कम मिळते. शेतकरी दरवर्षी अर्जात एकेक तुकडा नकाशावर दाखवतो आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून त्याची पडताळणी होते.

माझ्या मते दुसरी व्यवस्था जगासाठी कमी घातक आहे. डोंगर साठत नाहीत, गरीब देशांच्या बाजारात पडेल भावात माल ओतावा लागत नाही. पण हेक्टरी मोजमाप तिच्या मुळाशी असल्यानं ज्याच्याकडे जमीन जास्त, त्याला पैसा जास्त. सुमारे ८० टक्के थेट मदत २० टक्के लाभार्थ्यांकडे जाते, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शिवाय जमीन खंडानं घेतलेली असेल तर मदतीचा काही वाटा खंड वाढून मालकाच्या खिशात जातो. २०२३ पासूनच्या नियमांत थेट मदतीतले किमान १० टक्के लहान-मध्यम शेतांकडे वळवण्याची तरतूद आहे. मला ती फार तोकडी वाटते.

जुनी व्यवस्था पुरती संपलेली नाही. गव्हाला टनामागे १०१.३१ युरो ही सरकारी खरेदीची पातळी कायद्यात आजही आहे, पण बाजारभाव सहसा त्याच्या बराच वर असतो. दूध पावडरीला मात्र तिची खरोखर गरज पडली. २०१५ मध्ये कोटा उठला, भाव कोसळले आणि सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांहून जास्त पावडर आली. ती विकून संपायला २०१९ उजाडलं.

२०२४ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या महामार्गांवर ट्रॅक्टर उभे राहिले तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागितल्या गेल्या. उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळावा म्हणून केलेला फ्रान्सचा २०१८ चा एगालिम कायदा नीट राबवा, ही मागणी मालाच्या किमतीची होती. थेट मदतीसाठी ४ टक्के जमीन पडीक ठेवण्याची अट काढा, ही हेक्टरी अनुदानाची. ब्रुसेल्सनं, म्हणजे युरोपीय संघानं, ती अट त्याच वर्षी मागे घेतली. भावाचा वाद मात्र खरेदीदार कंपन्या आणि सुपरमार्केटांशी होता, तो तसाच राहिला.