कोथिंबीर धुतली, हवा राहून गेली

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा उगवला. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी. डास अडवायला कोणी तारेचं कुंपण घालतं का?’ खाली अंगठ्यांची रांग.

यातली मापं खरी आहेत. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. चांगल्यातल्या चांगल्या मास्कमध्येही तंतूंमधली जागा त्याहून बरीच मोठी असते. शिवाय विषाणू काही उघडावाघडा उडत येत नाही, तो थुंकीच्या थेंबात असतो आणि थेंब सुकला तरी त्यातलं मीठ आणि प्रथिनं त्याच्याभोवती राहतात. पण हा मुद्दा तूर्त सोडून देऊ, कारण खरी गडबड वेगळीच आहे. लिहिणाऱ्यानं मास्कला चाळण समजलंय. चाळणीत कोंडा वर राहतो, पीठ खाली पडतं. मास्कचं काम या तत्त्वावर चालतच नाही. उलट एका मर्यादेच्या खाली कण जितका बारीक, तितका तो मास्कमध्ये जास्त सहज अडकतो.

तिकडे वळण्याआधी २०२० ची उजळणी. मार्चमध्ये राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि बघता बघता किराणा दुकानांसमोर चुन्याचे चौकोन आले, काउंटरला दोरी बांधली गेली, गल्ल्यापुढे प्लॅस्टिकचा पडदा लोंबू लागला. घरोघरी दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या जात, नोटांना इस्त्री होई, कोथिंबिरीची जुडी खायच्या सोड्यात डुंबत पडे. काहींनी मेथी चक्क साबणाच्या पाण्यात घातली. विषाणूचं माहीत नाही, पोट मात्र नक्की बिघडलं असणार.

याला कारण होता मार्च २०२० मधला एक प्रयोग. विषाणू प्लॅस्टिकवर तीन दिवस, पुठ्ठ्यावर एक दिवस, तांब्यावर चार तास जिवंत सापडतो, असं त्यात दिसलं. बातम्यांनी ‘तीन दिवस’ तेवढं उचललं. त्याच प्रयोगात प्लॅस्टिकवरचे जिवंत विषाणू दर सात-एक तासांनी निम्मे होत होते. म्हणजे दीड दिवसात ते तीन टक्क्यांच्या आसपास उरतात. हे मथळ्यात कुठून येणार? एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. तोवर पुण्यात साबणाच्या वड्या झिजून गेल्या होत्या.

हात धुणं चांगलंच, ते सोडू नका. पण दुकानातला धोका पिशवीला चिकटलेला नव्हता, तो हवेत तरंगत होता. बोलताना तोंडातून उडणारा १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला दीड मीटर खाली यायला आठ-नऊ मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला, हवा स्थिर असेल तर, जवळपास बारा तास. पेठेतलं खोल, चिंचोळं, मागे खिडकी नसलेलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. तासाभरापूर्वी तिथे कोणी मास्क हनुवटीवर ओढून ‘तूरडाळ कशी दिली?’ असं खड्या आवाजात विचारलं असेल, तर त्याच्या तोंडातले बारीक कण अजून फळीवरच्या डब्यांभोवती फिरत असतात. आवाज जितका मोठा, तितके कण जास्त. त्या मानानं मार्केट यार्डाच्या उघड्या आवारात, गर्दी असली तरी, हे कण वाऱ्यानं लवकर पांगतात. जुलै २०२० मध्ये दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा आधीच्या दोन दिवसांत लोक बंदिस्त दुकानांतच जाऊन एकमेकांना खेटले, हा त्यातला विनोद.

आता मास्क.

मास्कच्या मधल्या थराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जाळी दिसतच नाही. दिसतो तंतूंचा गुंता. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन बारीक भोकांतून गरम हवेच्या झोतात सोडतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे धागे होतात आणि वेडेवाकडे एकावर एक पडत जातात. या कापडाला मेल्टब्लोन म्हणतात. हवेला त्यातून पलीकडे जायचं तर तंतूमागून तंतूला वळसे घालावे लागतात. आणि इतक्या लहान मापात एक गंमत असते: कण तंतूला नुसता टेकला तरी पुरतं. दोघांमधलं रेणूंचं आकर्षण त्याला पुन्हा सुटू देत नाही. तेव्हा कण छिद्रातून जाईल का, हा प्रश्नच गैरलागू आहे. वाटेत तो एखाद्या तरी तंतूला शिवेल का, एवढंच विचारायचं.

मोठा कण, म्हणजे मायक्रॉनहून मोठा, जडत्वामुळे शिवतो. हवा तंतूपाशी वळते, कणाला तितक्या चपळाईनं वळता येत नाही आणि तो सरळ जाऊन आपटतो. हा परिणाम व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: व्यास दुप्पट तर आपटण्याची प्रवृत्ती चौपट. श्वास जोराचा असेल तर आणखी जास्त. त्याहून लहान कण हवेबरोबर नीट वळतात खरे, पण वळताना तंतूच्या अगदी जवळून, स्वतःच्या त्रिज्येइतक्या अंतरावरून गेले तर त्यांची कड घासते आणि तेही अडकतात.

माझे लाडके आहेत ते अगदी बारीक कण, ०.१ मायक्रॉन आणि त्याखालचे. हवेचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धडका देत असतात. मोठ्या कणाला या धडका जाणवत नाहीत, कारण सगळीकडून सारख्याच बसतात. बारीक कणाच्या बाबतीत एखाद्या क्षणी डावीकडून दोन जास्त बसतात आणि तो भरकटतो. पुढच्या क्षणी तिसरीकडेच. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊननं परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची पाण्यातली अशी थरथर पाहिली, आणि आइन्स्टाइननं १९०५ मध्ये तिचं गणित मांडलं. चौपट वेळ मिळाला तर कण सरासरी दुप्पट अंतर भरकटतो, आणि कण लहान तितकी भटकंती जास्त. असा कण सरळ पलीकडे जातच नाही, वाटेत कुठल्यातरी तंतूवर धडकतो. इथे श्वास जितका संथ तितकं उत्तम, म्हणजे जडत्वाच्या बरोबर उलट.

मग सुटतो कोण? मधला. साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण जडत्वानं आपटायला हलका आणि भरकटायला जड असतो. म्हणून एन-९५ मास्कची चाचणी मुद्दाम याच टप्प्यातल्या कणांवर घेतात. नावातला ९५, म्हणजे किमान ९५ टक्के कण अडवणं, हा आकडा सर्वांत हुकणाऱ्या कणांचा आहे, त्याहून लहान आणि मोठे दोघेही अधिक पकडले जातात.

हा मधला कण पकडायला थर वाढवता येतात. एका थरातून निम्मे कण सुटत असतील तर दोनातून पाव, तिनातून अष्टमांश. कण गुणाकारानं घटतात, श्वासाला होणारा अडथळा मात्र नुसत्या बेरजेनं वाढतो. तरीही शेवटी दम लागतोच. त्यावर तोड म्हणून तंतूंवर विद्युतभार कायमचा बसवतात. तैवानमध्ये जन्मलेल्या पीटर साय यांनी अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात यावर काम केलं, १९९५ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. केसांवर घासलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे उडतात, कागदावर भार नसला तरी. तंतूही शेजारून जाणाऱ्या कणाला असंच ओढून घेतात, तेही श्वास जड न करता.

आणि आपण काय केलं? बाजारातून आल्यावर त्याच एन-९५ वर सॅनिटायझर फवारलं! अल्कोहोल आणि साबण हा भार घालवतात. मास्क दिसायला तसाच राहतो, आतून अर्धा मेलेला. दोरीवर चिमट्यानं टांगलेले, धुतलेले एन-९५ मी बाल्कन्याबाल्कन्यांत पाहिलेत. त्यापेक्षा कागदी पाकिटात चार-पाच दिवस नुसता ठेवला असता तरी चाललं असतं.

याच सुमारास गळ्यात कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंड्याही आल्या. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ऑक्सिमीटरवरचा आकडा जागचा हलत नाही. मात्र ‘९९.९ टक्के विषाणूनाशक’ छापलेले महागडे नॅनो मास्क घेणाऱ्यांनी पुरचुंडीवाल्यांना हसू नये. कापडावर बसलेला विषाणू काही वेळानं मरणं आणि श्वासातला विषाणू कापडानं अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत पहिलीचा आकडा असायचा.

तोंड बांधायची सवय पुण्याला कोरोनानं लावलेली नाही. दुचाकीवरच्या मुलींचे स्कार्फ त्याच्या कितीतरी आधीचे, आणि २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथे गेला तेव्हाही मेडिकलच्या दुकानांत मास्क संपले होते. स्कार्फचे धागे जाड, वीण सैल. रस्त्यावरच्या मोठ्या धुळीला तो ठीक, कारण तिथे जडत्व कामाला येतं. बारीक कणांना नाही.

वरचं सगळं गणित अर्थात कापडातून जाणाऱ्या हवेचं. हवा सोपी वाट शोधते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंची फट तिला कापडापेक्षा सोपी पडते. चष्म्यावर वाफ धरते ती याच फटीतून आलेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सीडीसीनं कृत्रिम खोकल्यावर केलेल्या चाचणीत नुसत्या सर्जिकल मास्कनं सुमारे ४२ टक्के कण अडवले, नुसत्या कापडी मास्कनं ४४. सर्जिकलवर कापडी चढवल्यावर आकडा ९२ च्या वर गेला. दोन थरांच्या साध्या गुणाकारानं तो सत्तरच्या आत राहायला हवा होता. वरची वाढ फट बुजल्याची.

तेव्हाचे न वापरलेले एन-९५ कोणाच्या खणात अजून पडले असतील तर बांधकामाच्या धुळीला किंवा फटाक्यांच्या धुराला घालून बघायला हरकत नाही. पाकीट बंद आणि कोरडं असेल तर भार बहुधा शाबूत असतो. आधी पट्टे ताणून पाहा, रबर पहिल्यांदा जातं.