व्यर्थ नाम (ख्रिस्ती आचार)

देवाचे नाव उगाच तोंडी न आणणे आणि जीभ शिव्याशापांपासून आवरणे ही ख्रिस्ती आचारातील जुनी शिस्त. तिचा पाया बायबलातील दहा आज्ञांपैकी ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको’ या आज्ञेत आहे (निर्गम २०:७). रोमन कॅथलिक व लूथरन मोजणीत ही दुसरी आज्ञा, तर बहुतेक इतर प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तिसरी. त्यामुळे ‘तिसरी आज्ञा मोडली’ म्हटले की एका घरात जिभेचा दोष समजतात, तर शेजारच्या कॅथलिक घरात रविवारची उपासना चुकल्याचा, कारण तिथे तिसरी आज्ञा पवित्र दिवस पाळण्याची.

नामस्मरणाच्या वातावरणात वाढलेल्या मराठी वाचकाला ही आज्ञा प्रथम उलटीच वाटते. आपल्याकडे देवाचे नाव जितके घ्यावे तितके थोडे! पण आज्ञेचा भर ‘नाव’ या शब्दावर नसून ‘व्यर्थ’ या शब्दावर आहे. मूळ हिब्रू शब्द ‘शाव’. पोकळ आणि खोटे असे दोन्ही अर्थ त्यात येतात. खोट्या गोष्टीला देवाची साक्ष काढणे हा आज्ञेचा ठळक भंग. ठेच लागली की सवयीने नाव फेकणे हा त्याचाच धाकटा भाऊ. ऑर्थोडॉक्स साधू गाठींच्या दोरीवर येशूचे नाव दिवसभर जपतात, त्यात मात्र कोणाला आज्ञाभंग दिसत नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत हीच बाजू धरली आहे: शाप, शपथ, खोटेपणा यांसाठी नाव वापरू नये; संकटात हाक मारायला, प्रार्थनेला, स्तुतीला ते जरूर वापरावे.

ज्यू परंपरेने खबरदारी फार पुढे नेली. देवाच्या नावाची चार अक्षरे लिहिली जात, पण वाचताना ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, असे म्हणत. मराठी बायबलात त्या अक्षरांच्या जागी ‘परमेश्वर’ येतो. २००८ मध्ये व्हॅटिकनने पत्र काढून उपासनेत व गीतांत त्या चार अक्षरांचा उच्चार टाळण्यास सांगितले.

येशूने डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:३३–३७) शपथेचे मूळच उपटले. स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमेची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको. कारण त्यावरचा एक केस पांढरा की काळा करणे माणसाच्या हातात नाही. होय तर होय, नाही तर नाही. मत्तयाच्या त्याच शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, पुढे त्याचा शिष्य पेत्र याचा प्रसंग आहे. येशूला अटक झाल्यावर वाड्यात लोक पेत्राला म्हणतात, तू त्याच्या साथीदारांतलाच, तुझ्या बोलीवरून कळते. आणि पेत्र शाप देत, शपथा वाहत सांगतो की त्या माणसाला मी ओळखत नाही. गालील प्रांताचा हेल लपेना, म्हणून शपथांचा आवाज चढला.

अश्लील बोलणे हा वेगळा विषय, जरी उपदेशात सगळे एकाच गाठोड्यात बांधले जाते. त्याचा आधार बायबलातील पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांत आहे. इफिसकरांस ४:२९ मध्ये वाईट बोलण्यासाठी आलेला ग्रीक शब्द ‘साप्रोस’ म्हणजे कुजका. शुभवर्तमानात तोच शब्द जाळ्यातून बाहेर फेकलेल्या मासळीला लावला आहे. मासळीबाजाराजवळ राहिलेल्याला याहून जास्त सांगायला नको. पौलाच्याच कलस्सैकरांस पत्रात चांगल्या बोलण्याला मिठाची उपमा आहे. बायबलातील दुसरा पत्रलेखक याकोब तर विचारतो, एकाच झऱ्यातून गोडे आणि कडू पाणी कसे निघेल? तरीही गुळगुळीत बोलणे म्हणजे शुद्ध बोलणे नव्हे. येशू हेरोद या शासकाला कोल्हा म्हणतो आणि परूशी या कर्मठ ज्यू पंथीयांना सापाची पिल्ले.

युरोपात हा विषय कायद्यात शिरला. इंग्लंडमध्ये १६०६ च्या कायद्याने रंगमंचावर देवाचे नाव थट्टेत घेतल्यास १० पौंड दंड बसू लागला. परिणाम छापील पानांवर दिसतो: शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या १६२२ च्या प्रतीत सुरुवातीलाच ‘देवाच्या रक्ताची शपथ’ या अर्थाचा उद्गार आहे, त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात तो गायब. १७४५ च्या कायद्याने शपथांचा दर माणसाच्या पायरीप्रमाणे ठरवला. मजूर, साधा शिपाई व खलाशी यांना १ शिलिंग, त्यांच्या वरच्यांना २, सभ्य गृहस्थ आणि त्यावरील मंडळींना ५. दुसऱ्या खेपेस दुप्पट. गरिबाची जीभ स्वस्त होती असे नाही. १ शिलिंगही मजुराला भारीच पडे.

लोकांनी पळवाट काढली ती उच्चारातून. ‘गॉड’चे ‘गॉश’ आणि ‘गॉली’ झाले, ‘जीझस’चे ‘जी’, ‘डॅम’चे ‘डार्न’. कडक पंथीय यांनाही आज्ञाभंगच मानतात. बाकीच्यांना हे शब्द कुठून आले याचा पत्ताही नसतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात गंमत याहून मोठी. तिथल्या फ्रेंच बोलीतल्या जहाल शिव्या वेदीवरून उचललेल्या आहेत: ‘ताबर्नाक’ म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर ठेवण्याची पेटी, ‘कालिस’ म्हणजे उपासनेतला प्याला, ‘ओस्ती’ म्हणजे ती भाकर. १९६० च्या दशकापर्यंत चर्चची पकड घट्ट असलेल्या समाजाची ही खूण. आता चर्चला न जाणारी पिढीही त्याच शिव्या देते.

शपथच नको म्हणणाऱ्या क्वेकर पंथीयांना सतराव्या शतकात त्यासाठी तुरुंग भोगावा लागला. १६९६ मध्ये इंग्लंडने त्यांना शपथेऐवजी नुसत्या गंभीर कथनाची मुभा दिली. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथेला जो पर्याय ठेवला आहे, तो याच प्रकारचा.

मराठीत या शिस्तीचा ताण वेगळ्या जागी पडतो. आपली शिवी देवापेक्षा आई-बहिणीभोवती फिरते, म्हणून ती दहा आज्ञांपेक्षा पौलाच्या कक्षेत येते. ‘च्यायला’ हा तर आपला ‘गॉश’च, अक्षरे गिळून सौम्य केलेला. ‘देवाशप्पथ’ आणि ‘आईशप्पथ’ मात्र थेट डोंगरावरील प्रवचनाला अडतात. गोव्यात कोकणी माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. दुकानात सुटे पैसे परत मिळाले तरी देवाचे नाव येते, आणि पाद्रींनाही त्यात वावगे वाटत नाही.