भूखंडांची तुलना आणि गुणांमागचे गणित

शहराच्या वाढीसाठी जागा निवडायची असते तेव्हा नियोजकापुढे अनेक भूखंड असतात आणि त्यांतला एकही सर्व बाजूंनी निर्दोष नसतो. एक रस्त्याला लागून असतो, पण त्याचा कोपरा पूररेषेच्या आत येतो. दुसरा उंचावर आणि सुरक्षित असतो, पण जलवाहिनी तिथवर पोचलेली नसते. नगरनियोजनाचे सॉफ्टवेअर ही सारी माहिती एकत्र करून प्रत्येक भूखंडापुढे एकच गुणसंख्या मांडते. ही संख्या कशी तयार होते हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, कारण गणितात कोठेही चूक नसतानाही पहिला क्रमांक एका भूखंडावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो.

या पद्धतीचे मूळ कागदी नकाशांत आहे. १९६०च्या दशकात इयान मॅकहार्ग या भूदृश्यरचनाकारांनी अमेरिकेतील स्टेटन आयलंडवरच्या एका नियोजित महामार्गाचा अभ्यास करताना उतार, मातीची धूप, वनराई, ऐतिहासिक ठिकाणे अशा प्रत्येक बाबीचा वेगळा पारदर्शक नकाशा तयार केला आणि जिथे हानी जास्त तिथे छटा गडद ठेवली. सारे नकाशे एकावर एक ठेवल्यावर जो पट्टा फिकट राहिला, तिथून रस्ता नेल्यास नुकसान सर्वांत कमी होणार होते. त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने जमिनीच्या नोंदींसाठी संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली आकाराला आली आणि नकाशे एकमेकांवर ठेवण्याचे काम आकडेमोडीकडे गेले. आजचे सॉफ्टवेअरही मुळात हेच करते. फक्त छटेच्या जागी संख्या आल्या आहेत.

प्रत्येक निकषाचा एक थर असतो. प्रत्येक थरावर भूखंडाला ० ते १०० पैकी गुण मिळतात, त्या गुणांना निकषाच्या महत्त्वानुसार भार दिला जातो आणि बेरीज होते. समजा, भूखंड ‘क’ला रस्त्याच्या जवळिकीसाठी ९०, पूरसुरक्षिततेसाठी २० आणि उतारासाठी ८० गुण आहेत, ‘ख’ला अनुक्रमे ६०, ८० आणि ६०. भार ५०, २० आणि ३० टक्के ठेवले तर ‘क’ला ७३ आणि ‘ख’ला ६४ गुण मिळतात. तेच भार ३५, ४० आणि २५ टक्के केले की ‘क’ ५९.५ वर घसरतो आणि ‘ख’ ६८ वर जातो. जमीन तीच, मोजमापेही तीच. बदलले ते फक्त माणसांनी ठरवलेले महत्त्व.

या बेरजेत एक गंभीर धोका आहे, तो म्हणजे भरपाईचा. पुराच्या निकषावर जवळजवळ नापास झालेला भूखंड रस्त्याच्या जवळिकीवर गुण कमावून वर येतो. पण रस्ता कितीही जवळ असला तरी घरात शिरणारे पाणी त्यामुळे अडत नाही. म्हणून ज्या बाबतीत तडजोड शक्यच नाही, ते निकष भाराच्या यादीत मुळी घालूच नयेत. त्यांच्या आधारे अपात्र भूखंड आधी वगळावेत आणि उरलेल्यांची तुलना मग करावी. हा क्रम अनेकदा पाळला जात नाही, याची मला खरी काळजी वाटते.

भार ठरवण्यासाठी गणिती थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली जोडीजोडीने तुलना करण्याची पद्धत बरीच वापरली जाते. तिच्यात एका वेळी दोनच निकष घेऊन त्यांतला कोणता किती महत्त्वाचा, हे विचारले जाते. तिच्यातून उत्तरांतली विसंगती पकडता येते, परंतु सुसंगत उत्तरे योग्यच असतील असे नाही.

मीटर, टक्के अशी वेगवेगळी मापे एका पट्टीवर आणताना होणारा घोटाळा सहज ध्यानात येत नाही. प्रत्येक निकषावर यादीतील सर्वांत चांगल्या भूखंडाला १ आणि सर्वांत वाईटाला ० देऊन बाकीच्यांना मधले गुण देणे, ही रूढ रीत आहे. आता वेगळेच तीन भूखंड घेऊ. रस्त्यापासूनचे अंतर ‘क’चे २०० मीटर, ‘ख’चे ४०० आणि ‘ग’चे १,०००; उतार अनुक्रमे ६, ४ आणि ८ टक्के. दोन्ही निकषांना समान भार दिल्यास ‘क’ला ०.७५ आणि ‘ख’ला ०.८७५ गुण मिळतात, म्हणजे ‘ख’ पुढे. आता यादीत ५०० मीटरवरचा, २४ टक्के उताराचा चौथा भूखंड घालून पाहा. तो निवडला जाण्याची शक्यताच नाही, परंतु त्याच्यामुळे उताराची पट्टी ताणली जाते, ६ आणि ४ टक्क्यांमधला फरक क्षुल्लक ठरतो आणि ‘क’ला ०.९५ गुण मिळून तो ‘ख’च्या पुढे जातो. यावर उपाय एवढाच की पट्टीची दोन्ही टोके यादी पाहून न ठरवता, बांधकामाच्या दृष्टीने कोणता उतार उत्तम आणि कोणता अशक्य, यावरून आधीच पक्की करावीत.

मूळ माहितीची बारकाईही तितकीच महत्त्वाची आहे. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरील रडारने घेतलेली उंचीची माहिती आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यात जमीन सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकोनी चौकटींत विभागलेली असते आणि एका चौकटीचे क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस मीटर भरते. अर्ध्या हेक्टरच्या भूखंडात अशा पाच-सहाच चौकटी मावतात. शिवाय सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीचा उतार काढताना सहसा भोवतालच्या आठ चौकटी विचारात घेते, त्यामुळे भूखंडाच्या नावावर शेजारच्या जमिनीचा उतारही नोंदला जातो. दाट झाडी असेल तर ही उंची जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांकडे सरकलेली असते.

क्षेत्रफळाचा आकडाही असाच फसवा ठरू शकतो. १,००० चौरस मीटरचे दोन भूखंड घ्या, एक ४० बाय २५ मीटरचा आणि दुसरा १०० बाय १० मीटरचा. चारही बाजूंनी ३ मीटर सामासिक अंतर, म्हणजे बांधकाम न करता मोकळी ठेवायची जागा, सोडले की पहिल्यात ६४६ चौरस मीटर जागा उरते आणि दुसऱ्यात अवघी ३७६, तीही ४ मीटर रुंदीच्या पट्टीत. अंतरही रस्त्याच्या जाळ्यावरून मोजायला हवे. नकाशावर सरळ रेषेत शेजारी दिसणारी शाळा मधल्या रेल्वेमार्गामुळे बरीच लांब पडू शकते.

म्हणूनच जाणकार नियोजक एकदा गुण काढून थांबत नाहीत. सगळे भार ठरावीक मर्यादेत यादृच्छिक रीतीने बदलत ते तीच तुलना हजारो वेळा करवून घेतात आणि प्रत्येक भूखंड कितीदा कोणत्या क्रमांकावर आला, हे पाहतात. जवळपास प्रत्येक वेळी पहिल्या काहींत राहणारे भूखंड पुढच्या विचारासाठी निवडता येतात आणि नेहमी तळाशी राहणारे निश्चिंतपणे सोडता येतात. ज्यांचे क्रमांक सतत अदलाबदल होतात, त्यांच्याबाबत भार आणखी घासूनपुसून फारसे साधत नाही. तिथे जागेवर जाऊन उंचीची मोजणी करणे आणि मातीची चाचणी घेणे, यांवरच पैसा खर्च करणे योग्य ठरते.