प्रथिनांच्या वाट्याला चारच का?

दुधात प्रथिनं किती? पिशवीवरचा तक्ता सांगतो, १०० ग्रॅममध्ये साधारण ३.३ ग्रॅम. म्हणजे तीन टक्के, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण हा हिशोब वजनाचा झाला आणि दुधाचं बहुतेक वजन पाण्याचं, ज्यात कॅलरी शून्य. आता उष्मांक, म्हणजे कॅलरी मांडा: प्रथिनं आणि शर्करा यांच्या प्रत्येक ग्रॅममागे ४, स्निग्धांशाच्या ग्रॅममागे ९. प्रथिनं ३.३ गुणिले ४, म्हणजे १३. स्निग्धांश ३.२ गुणिले ९, म्हणजे २९. शर्करा ४.८ गुणिले ४, म्हणजे १९. बेरीज ६१, त्यात प्रथिनांचे १३. झाले की २१-२२ टक्के!

दिवसभराच्या आहारालाही हेच गणित. २००० कॅलरींच्या जेवणाखाणात ६० ग्रॅम प्रथिनं असतील, तर २४० कॅलरी, म्हणजे १२ टक्के. (आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते.)

गणित एवढंच. मला गंमत वाटते ती त्या चारची.

बंद भांड्यात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये एक ग्रॅम प्रथिन जाळलं तर सुमारे ५.६५ किलोकॅलरी उष्णता निघते. मग शरीराला चारच कशा मिळतात? अडचण नायट्रोजनची. कर्ब आणि हायड्रोजन जाळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करणं शरीराला सहज जमतं. भांड्यात प्रथिनातला नायट्रोजन बहुतांशी वायू होऊन सुटतो. ती सोय शरीराकडे नाही. अमिनो आम्लांतून सुटलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात साठला तर विषारी, म्हणून यकृत त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे जातो. युरिया मात्र पुरता जळालेला नसतो. ते अर्धवट जळालेलं सरपणच म्हणा. त्याच्यासोबत आणि लघवीतल्या इतर नायट्रोजनी पदार्थांसोबत प्रत्येक ग्रॅममागे सुमारे १.२५ किलोकॅलरी वाहून जातात. उरल्या ४.४. शिवाय खाल्लेल्या प्रथिनांपैकी सरासरी ९२ टक्केच पचतात: ४.४ गुणिले ०.९२, उत्तर ४.०५. अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांचं अन्न, मल आणि मूत्र, सगळं मोजून ही वजाबाकी केली. आज जगभरच्या पाकिटांवर छापलेले आकडे बहुतेक याच पद्धतीचे.

हे कळलं की ‘प्रोटीनयुक्त’ बिस्किटांकडे बघण्याची नजर बदलते. १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रथिनं आणि ४८० कॅलरी असतील, तर प्रथिनांचा वाटा ८ टक्के. बाकी मैदा, साखर, तेल. उलट टोकाला पालक: निम्म्याच्या आसपास कॅलरी प्रथिनांच्या, पण १०० ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम. ६० ग्रॅमसाठी दोन किलो पालक कोण खाणार? तेव्हा टक्क्यांसोबत ग्रॅमही बघावेत.

आणि ते ‘ग्रॅम’ तरी प्रयोगशाळेत कसे मोजतात? बहुधा प्रथिनं थेट मोजतच नाहीत. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनांत तो सुमारे १६ टक्के असतो. (दुधासाठी ६.३८, गव्हासाठी ५.७.) शरीराला जो नायट्रोजन जाळता येत नाही, त्याच्यावरच सगळी भिस्त. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळलं गेलं ते यामुळेच: त्याच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, आणि चाचणीच्या लेखी ते उत्तम प्रथिन ठरतं.